पैठणीची उलटी बाजू

मराठा राजघराण्यांच्या विवाहवेषाची चर्चा आज बहुधा दागिन्यांच्या किमतीपाशी येऊन थांबते. बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहातील मोत्यांचा दोनपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला विकला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु असे मोती रेशमात गाठवून गोंडे लावणाऱ्या पटवेकऱ्यांची विद्या कोणाकडे उरली आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

वस्त्राच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक घातक ठरली आहे. मोती नव्याने ओवता येतात, पण पैठणी विरली की संपली. शिवाय जुन्या जरीत अस्सल सोनेचांदी असल्यामुळे कितीतरी लुगडी ती काढून घेण्यासाठी जाळली गेली. पैठणीचे मर्म मोरात नसून विणीत आहे. पदराच्या नक्षीतील प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या लहान कांडीवर असतो आणि तो शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकवून मागे फिरवला जातो, त्यामुळे पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत. अशा विणीचा पदर उलटून धरला, तर जरीच्या जमिनीवरचा मुनिया, म्हणजे हिरवा राघू, लाल चोचीसह दोन्ही बाजूंनी सारखाच रेखीव दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मात्र मागे धाग्यांचे जाळे दिसते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पैठणी म्हणून स्वस्त नक्कल विकली जाणे थांबलेले नाही, कारण गिऱ्हाईक पदराची उलटी बाजू पाहतच नाही.

नथीची गोष्ट निराळी आहे. इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती बसरा बंदराच्या नावाने ओळखले जात; जपानी संवर्धित मोती बाजारात आल्यावर १९३०च्या सुमारास तो व्यापार कोसळला, आणि म्हणून जुन्या बसरा मोत्यांच्या नथीची आज हुबेहूब प्रत घडवणे जवळपास अशक्य आहे. दाबाच्या नथीने सोय झाली हे खरेच, पण टोचलेल्या नाकातून ओवलेल्या तारेवर मोत्यांची कमान ज्या डौलाने ओठांवर झुकत असे, तो डौल तिला साधलेला नाही.

ज्या घरांत जुनी पैठणी अजून आहे, त्यांनी तिचा पदर कापून चौकटीत लावू नये. ती मऊ सुती कापडात ठेवावी, अधूनमधून तिच्या घड्या बदलाव्यात, आणि येवल्याच्या किंवा पैठणच्या एखाद्या विणकराला ती उलटून पाहू द्यावी.