रोमन शेरास सव्वाशेर

पुस्तकांची समीक्षा सगळेच लिहितात. पुस्तकाच्या शेवटी जे कोष्टक असते, त्याची समीक्षा कोणी लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. ती उणीव आज मी भरून काढणार आहे. कॉमर्सच्या पदवीधराला वाङ्मयात मोकळा उरलेला मुलूख हाच!

हे कोष्टक मला जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मिळालेल्या एका लॅटिन शब्दकोशाच्या शेवटी भेटले. लॅटिन मला येत नाही. पण आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात. डावीकडे प्राचीन रोमन वजने, उजवीकडे ग्रॅम. अगदी जमाखर्चाच्या वहीसारखी मांडणी. मी तिथेच विरघळलो आणि घासाघीस न करता पैसे दिले.

प्रथम गुणग्रहण. या कृतीचा नायक म्हणजे लिब्रा, अर्थात रोमन पौंड. वजन ३२७.४५ ग्रॅम. लिब्राचे बारा उन्सिया. एक उन्सिया म्हणजे २७.२९ ग्रॅम. इंग्रजांनी याच उन्सियावरून आपला औंस घेतला आणि इंचही. पुढे उन्सियाचे चोवीस स्क्रूपल, आणि स्क्रूपलचे सहा सिलिक्वा. सिलिक्वा म्हणजे कॅरोब झाडाच्या शेंगेतले बी, आपल्या गुंजेचे मावसभावंडच म्हणा ना. त्याच बियाच्या ग्रीक नावावरून सराफाचा कॅरट आला. शिवाय लिब्राच्या प्रत्येक हिश्श्याला स्वतंत्र नाव : तिसरा हिस्सा ट्रिएन्स, पाव हिस्सा क्वाड्रन्स, बारांतले पाच क्विंकुंक्स, बारांतले आठ बेस. आपल्या पावकी-निमकीसारखे रोमन पोरांना हे घोकावे लागे. असल्या हिशेबी डोक्यांतून कविता कुठली निघायला, असा होरेस कवीने त्यावर सवाल केला आहे. आम्हा कारकुनांविषयीचा हा पूर्वग्रह दोन हजार वर्षे जुना आहे, एवढीच त्यातली समाधानाची गोष्ट.

कोष्टक हाती आल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? स्वतःला मोजतो. अस्मादिकांचे वजन ६८ किलो. भागाकार मांडला. उत्तर : २०७ लिब्रा, ७ उन्सिया आणि वर २३ स्क्रूपल. दोनदा ताळा करून पाहिला, जुळला. मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले.

"अहो, भात कमी करा," आतून उत्तर आले.

इथवर सगळे छान होते. पण समीक्षकाने दुसरे वाचन करावे म्हणतात, ते मी केले, आणि तिथेच रसभंग झाला. एक दुसरे पुस्तक हाती आले. त्यात लिब्रा ३२२.८ ग्रॅम! पुन्हा भागाकार. आता मी भरलो २१० लिब्रा ७ उन्सिया. भाताचे शीतही पोटात न जाता मी तीन लिब्रांनी वाढलो होतो.

रोकड जुळवताना एका रुपयाचा फरक निघाला तर घरी जायची सोय नसते. इथे लिब्रामागे साडेचार ग्रॅमचा फरक, आणि दोन्ही पुस्तके शांत! मग मी जरा खोलात शिरलो. गोम अशी आहे की, रोमन लोक गेले ते मूळ लिब्राचा दाखला मागे न ठेवता गेले. प्रमाण वजने त्यांनी देवळांत जपून ठेवली होती खरी. पण आज सापडणारी दगडी आणि धातूची वजने एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत. म्हणून पंडितांनी नाणी तोलली. कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळापासून एका लिब्रा सोन्यात ७२ सॉलिडस नाणी पाडत. नाणे तोला, ७२ ने गुणा, लिब्रा तयार. १८३८ साली बर्लिनच्या आउगुस्ट ब्योक या पंडिताने असाच नाण्यांचा आधार घेऊन जो आकडा मांडला, तोच हा ३२७.४५. आता झिजलेल्या नाण्यात ०.०५ ग्रॅमची खोट धरा. ७२ ने गुणल्यावर ती ३.६ ग्रॅम होते. म्हणजे दशांशचिन्हापुढचे ४५ हे निव्वळ अलंकारशास्त्र आहे!

माझा पहिला आक्षेप हाच. कोष्टकाला "सुमारे" हा शब्द ठाऊक नाही. कॅटो नावाच्या करड्या रोमन शेतकऱ्याने लिबुम या पावाची कृती लिहून ठेवली आहे : दोन लिब्रा चीज, एक लिब्रा पीठ, एक अंडे. कोष्टकाप्रमाणे ६५४.९ ग्रॅम चीज घ्यायचे, आणि अंडे मात्र कोंबडी देईल ते! खुद्द कॅटो सांगतो, पाव मऊ हवा तर पीठ अर्धा लिब्राच घ्या. त्याचा हात सैल होता. आकडे आवळले ते आपण.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कोष्टक साल सांगत नाही. आस हे ब्राँझचे नाणे मुळात लिब्राभर वजनाचे; ते उतरत उतरत इसवीसनपूर्व पहिल्या शतकात अर्ध्या उन्सियावर आले. नाव मात्र आसच. चांदीचे डिनेरियस आधी लिब्रात ८४ बसत, इ.स. ६४ मध्ये नीरोने ते हलके केल्यावर ९६ बसू लागले. आणि ही नाणी औषधे तोलायलाही वापरत! नीरोआधी लिहिणाऱ्या सेल्सस या वैद्यक-ग्रंथकाराला मी म्हणूनच नमस्कार करतो. औषधांच्या मात्रा सांगण्याआधी त्याने स्वच्छ लिहिले, की माझ्या उन्सियात सात डिनेरियस. पुढे आठांचा हिशेब रूढ झाला. त्याने हे एक वाक्य लिहिले नसते, तर एका डिनेरियसचे ३.९ ग्रॅम धरायचे की ३.४, हे ठरवता आले नसते. पुऱ्या कोष्टकात जे नाही, ते त्या एका वाक्यात आहे.

हे सगळे मी तावातावाने घरात सांगत होतो. सौभाग्यवती कपाट आवरत होत्या. आजीच्या पाटल्या आणि त्यांची १९५० सालची पावती हातात होती. पावतीवर चार तोळे. सराफाने नुकत्याच तोलल्या, तर साडेचार तोळ्यांच्या वर भरल्या. माझा जीव कासावीस. सोने वाढते कसे? काटा बिघडला असणार, नाहीतर पाटल्या बदलल्या!

"काटा नाही बिघडला," त्या म्हणाल्या. "तेव्हाचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा. आताचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. चार तोळे म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या सालचे. आजी नेहमी विचारायच्या."

मी चूपचाप शब्दकोश उघडला आणि कोष्टकाच्या माथ्यावर पेन्सिलीने लिहिले : "कुठल्या सालचे?"

समीक्षा संपली. पाटल्या पावतीसकट पुन्हा कपाटात गेल्या आहेत. भात मात्र त्या दिवसापासून खरोखरच कमी वाढला जातो. किती कमी, ते लिब्रात विचारू नका.