हजार डोळे आणि एक किल्ली

एरिक रेमंड यांच्या 'द कथीड्रल अँड द बझार' या १९९७ सालच्या निबंधाने आम्हा ओपन सोर्सवाल्यांना एक श्रद्धा दिली. कोड उघडा ठेवा, पुरेशा लोकांच्या नजरेखालून जाऊ द्या, म्हणजे त्यातल्या चुका फार काळ टिकणार नाहीत. लिनक्सच्या बाबतीत हे बरंचसं खरं ठरलं. पण क्रिप्टोकरन्सी वॉलेटसाठी प्लगिन लिहायला बसलं, की या मांडणीतली एक रिकामी जागा खुपायला लागते. रेमंड चुकांबद्दल बोलतात. चूक कुणी मुद्दाम लपवलेली नसते. चोरी लपवलेली असते.

वॉलेट म्हणतात खरं, पण त्यात नाणी नसतात. असते ती खासगी किल्ली. ती ज्याच्या हाती, त्याची नाणी. चुकीचा व्यवहार परत फिरवणारी बँक इथे नाही. प्लगिन म्हणजे अशा घरात वावरायला आलेला परका कोड. त्याने नवी सोय द्यायची, पण तिजोरीला हात लावायचा नाही, अशी अपेक्षा असते. अपेक्षेच्या पलीकडे तिथे काही असतं का, हा खरा प्रश्न आहे.

२०१८ सालचं 'इव्हेंट-स्ट्रीम' प्रकरण या श्रद्धेची कठोर परीक्षा होती. काटेकोर अर्थाने ते प्लगिन नव्हतं, इतर प्रकल्प वापरत असलेलं एक छोटं जावास्क्रिप्ट पॅकेज होतं. पण परक्या कोडचा प्रश्न तोच. मूळ लेखक ते स्वतः वापरत नव्हता, त्यातून त्याला काही मिळतही नव्हतं. एका अनोळखी माणसाने देखभालीची तयारी दाखवली आणि त्याने हक्क देऊन टाकले. नव्या माणसाने त्यात 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाचं दुसरं पॅकेज जोडलं आणि पुढे त्यातून घातक कोड आत सोडला. लक्ष्य होतं 'कोपे' हे बिटकॉइन वॉलेट. ५.०.२ ते ५.१.० या आवृत्त्यांमध्ये तो कोड पोचला. ज्यांच्या खात्यात शंभराहून जास्त बिटकॉइन आहेत, अशांच्या किल्ल्या तो शोधत होता.

इथे हजार डोळे काय करत होते? गिटहबवर वाचायला ठेवलेला कोड स्वच्छ होता. घातक भाग फक्त एनपीएमवर प्रकाशित झालेल्या, आकसून दुर्बोध केलेल्या फाइलमध्ये होता. म्हणजे वाचायची संहिता एक आणि चालणारी दुसरी. शिवाय तो भाग कुलूपबंद होता आणि त्याचा सांकेतिक शब्द होता वॉलेटच्या पॅकेजचं स्वतःचं वर्णन: 'अ सिक्युअर बिटकॉइन वॉलेट'. बाकी कुठल्याही प्रकल्पात ते कुलूप उघडायचंच नाही. सुरक्षिततेचं आश्वासनच चोराची किल्ली झालं. कालबाह्य फंक्शन वापरल्याची एक इशारावजा ओळ दिसत होती. तिचा माग काढताना हे सगळं नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं. चोराने जुनं फंक्शन वापरलं नसतं तर?

'विश्वास पानिपतात गेला' असं आपण गमतीत म्हणतो. प्लगिनची रचना करताना ही गंमत गंभीरपणे घ्यावी. इलेक्ट्रम या वॉलेटमध्ये प्लगिन पायथॉनमध्ये लिहितात आणि ते वॉलेटच्याच प्रोसेसमध्ये चालतं. वॉलेट उघडताच ठरलेल्या हूकमधून अख्खं वॉलेट ऑब्जेक्ट त्याच्या हाती येतं. मालक पासवर्ड टाकतो तेव्हा परका कोड त्याच खोलीत उभा असतो. लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. तेच खटकतं.

त्याच इलेक्ट्रममधलं ट्रेझरचं प्लगिन मात्र वेगळा धडा देतं. ते व्यवहार हाताएवढ्या उपकरणाकडे पाठवतं. मालक त्याच्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम तपासून बटण दाबतो. परत येते फक्त सही. किल्ली उपकरणाबाहेर पडतच नाही. प्लगिन खोटं बोललं, तरी ते पडद्यावर पकडता येतं. मेटामास्कचे २०२३ साली खुले झालेले 'स्नॅप्स' मधली वाट धरतात: कोड बंदिस्त कप्प्यात चालतो आणि प्रत्येक अधिकार आधी मागतो. पण त्या अधिकारांत किल्ली मिळवण्याचाही अधिकार आहे, आणि 'मंजूर' म्हणायचं ओझं शेवटी त्या संज्ञा कधी न ऐकलेल्या माणसावर पडतं.

म्हणून रेमंड यांच्या श्रद्धेला एक पुरवणी हवी. उघडा कोड वाचता येतो, म्हणून तो कुणी वाचलाच आहे असं नाही. आणि वाचणाऱ्याला बहुधा पगार नसतो. तेव्हा प्लगिन चांगलं की वाईट हे त्याच्या सोयींवरून ठरवण्याआधी एक विचारावं: उद्या याचे हक्क अनोळखी माणसाकडे गेले, तर तो जास्तीत जास्त काय चोरू शकेल? या प्रश्नाचं उत्तर लहान ठेवणं, हेच लिहिणाऱ्याचं पहिलं काम.