गोष्ट सुचते की रचावी लागते?

मराठीच्या तासाला काही विधाने इतक्या ठामपणे केली जातात की ती तपासून पाहावीत असे कोणालाच वाटत नाही. लेखक हा जन्मावा लागतो. स्वतः अनुभवल्याखेरीज लिहिता येत नाही. कथेला तात्पर्य हवेच. विज्ञानाच्या तासाला कोणी ‘जड दगड हलक्या दगडाच्या आधी पडतो’ असे म्हटले, तर आपण लगेच दोन दगड उचलतो आणि टाकून दाखवतो. कथालेखनाच्या बाबतीत मात्र दगड उचलण्याची गरज आपल्याला भासत नाही. याची किंमत मुले मोजतात. पाचवीपर्यंत भडाभडा गोष्टी सांगणारा मुलगा नववीत ‘मला सुचत नाही’ म्हणून वही मिटतो.

या विधानांचा पडताळा घेण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. वेंगुर्ले तालुक्यात शिरोडा आणि आरवली ही लागून असलेली गावे आहेत. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. जयवंत दळवी आरवलीचे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मले आणि पुढे कुडाळला त्यांनी खानावळ चालवली. एकच समुद्र, एकच लाल माती आणि तोच पाऊस. पण तिघांच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. परिसर लेखक घडवतो, असे म्हणणाऱ्यांनी येथेच थोडे थांबावे.

प्रथम प्रतिभेचा प्रश्न घेऊ. गोष्ट आतून ‘येते’, ती शिकता येत नाही, असा हा समज आहे. त्याच्या उलट टोकाला ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ उभे आहे. 1931 साली निघालेल्या या पुस्तकाने कथानक कसे बांधावे, निरगाठ कशी घालावी आणि ती कशी उकलावी याची चर्चा केली. तेव्हापासून मराठीत प्रतिभावाले आणि तंत्रवाले असे दोन तट पडले. आमच्या मते हा वाद कोकणातल्या कोणत्याही जत्रेत रात्रभर बसले तर मिटण्यासारखा आहे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान करायचे, कोणता प्रवेश कशानंतर, एवढे रंग चढवता चढवता ठरते. संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. पाहणाऱ्याला वाटते, काय ही उत्स्फूर्तता! पण हा नट पोरवयापासून मंडळीत वावरलेला असतो. पुराणकथा त्याला तोंडपाठ असतात, समोरचा नट कोठे अडेल आणि पखवाज कोठे वाजेल हे त्याला ठाऊक असते. आयत्या वेळी जे सुचते ते या साठ्यातून सुचते. साठाच नसलेल्या माणसाला त्याच रंगमंचावर उभे करा, त्याला घाम फुटण्यापलीकडे काही सुचणार नाही. मग मुलाला साठा न देता ‘विचार कर, सुचेल’ असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

दुसरा समज अनुभवाचा. तो अधिक फसवा आहे, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधली माणसे त्यांच्या गावाकडची, ओळखीची आहेत, हे खरे. पण त्याच सुमारास, 1963 मध्ये, त्यांची ‘चक्र’ प्रसिद्ध झाली होती. तिचा विषय मुंबईतील झोपडपट्टी. दळवी झोपडपट्टीत राहत नव्हते; ते अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत नोकरी करीत होते. ‘स्वतः जगल्याशिवाय लिहिता येत नाही’ हा नियम असेल तर ‘चक्र’ लिहिली जायला नको होती. एका प्रतिउदाहरणाने नियम कोसळतो, हे गणिताच्या शिक्षकाला सांगायला नको. येथे लागते ते बारीक निरीक्षण, आणि पाहिलेल्या गोष्टींमागचे कार्यकारण ओळखण्याची दृष्टी. या दोन गोष्टी विज्ञानाचा शिक्षक रोजच शिकवत असतो. त्या आपल्या खात्यात येतात हे फक्त त्याला कोणी सांगितलेले नसते.

निरीक्षणाला भाषा लागते, आणि येथे आपली लाल शाई आड येते. मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुलाने ‘रापण’ लिहिले की तेथे ‘जाळे’ अशी दुरुस्ती केली जाते. या दुरुस्तीने काय होते ते पाहा. जाळे एकटा माणूसही टाकू शकतो. रापणीत होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. मग मासळीचे वाटे होतात. म्हणजे या एका शब्दात माणसांचा समूह आहे, श्रम आहे, वाटपावरून होऊ शकणारे भांडण आहे. गोष्टच आहे! ती आपण एका फटक्यात खोडतो. तसेच संवादात ‘भरती इली’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापण्याचे काही कारण नाही. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980 पासून मालवणीतूनच गाजले, आणि ते पाहणारे सगळेच काही मालवणी नव्हते. निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रे आपल्या बोलीत, ही वाट मराठी कथेत चांगली मळलेली आहे.

आता विज्ञानाच्या शिक्षकाला खरोखर अडणारा प्रश्न. भूतखेत, देवदेवस्की असलेली कथा वर्गात आणावी काय? खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही 1966 मधली कादंबरी अशा श्रद्धांच्याच भोवती फिरते. तिचे नाव वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावरील एका ठिकाणाचे आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या उत्साहात अशा पुस्तकांना दारातूनच परत पाठवणारे शिक्षक असतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. ‘चमत्कार घडतो’ हा दावा वेगळा आणि ‘चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे पुढे काय होते’ हा शोध वेगळा. पहिला पुराव्याने तपासायचा. दुसऱ्यात पाहायचे ते एवढेच, की कथेने स्वतः मांडलेले नियम ती शेवटपर्यंत पाळते का. हाच निकष साध्या कथेलाही लावावा. गोष्टीत सोमवारी सकाळी दहाला भरती असेल, तर मंगळवारी ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा यायला हवी. अमावास्येच्या रात्री नायकाला चांदण्यात वाट दिसता कामा नये. कल्पना म्हणजे वाटेल ते, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन मुद्दे पुरतात.

तात्पर्याबद्दल थोडक्यात. फडके कलेसाठी कला म्हणत, खांडेकर जीवनासाठी कला म्हणत, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. प्रत्यक्षात फडक्यांनी राजकीय पार्श्वभूमीच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि खांडेकरांनी रचनेकडे पाठ फिरवली नाही. शिरोड्यात असतानाच्या ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या दोन्ही 1934 च्या. त्यांत जेथे लेखक पात्राच्या तोंडून व्याख्यान देऊ लागतो तेथे आजचा वाचक पाने उलटतो, आणि जेथे पात्र अडचणीत सापडते तेथे तो थांबतो. शेवटी तात्पर्याची ओळ लिहिली नाही म्हणून गुण कापताना एवढे आठवावे.

राहिला नावाचा दबदबा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. औषधांची चाचणी घेताना रोग्याला आणि डॉक्टरलाही खरी गोळी कोणती हे कळू देत नाहीत, त्याच जातीची ही काळजी. ही पद्धत शाळेत आणायला खर्च येत नाही. पुढच्या कथालेखनाच्या वेळी मुलांनी नावाऐवजी केवळ एक आकडा लिहावा, वह्यांऐवजी सुटे कागद वापरावेत आणि शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांनी ते तपासावेत. गुण देऊन झाल्यावर आकडे आणि नावे जुळवून पाहावीत. ‘याला लिहिता येते’ आणि ‘याला येत नाही’ अशा ज्या दोन याद्या आपल्या मनात असतात, त्यांतली किती नावे जागची हलतात ते मोजावे आणि आम्हाला कळवावे.