हॉथॉर्नचे प्रयोग आणि कामगाराचे बोलणे

संस्थेतील वातावरण व कामगाराची प्रेरणा यांचा कामाच्या निष्पत्तीशी काय संबंध असतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा हॉथॉर्नच्या प्रयोगांपासून सुरू होते. शिकागोजवळच्या सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री तयार करणारा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात हे प्रयोग झाले. त्यांचा सविस्तर वृत्तान्त रोथ्लिसबर्गर व डिक्सन यांनी ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या १९३९ च्या ग्रंथात दिला. पहिले ग्रंथकार हार्वर्ड विद्यापीठातील, तर दुसरे कंपनीचेच अधिकारी. पाठ्यपुस्तकांत या प्रयोगांचे तात्पर्य थोडक्यात सांगितले जाते : वेतनापेक्षा आपुलकीने, आणि आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेने, कामगार अधिक काम करतो. हे तात्पर्य ग्रंथातील पुराव्यास कितपत धरून आहे, आणि विशेषतः कामगारांच्या उक्तींचा अर्थ ग्रंथकारांनी कोणत्या रीतीने लावला, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम रिले-जुळणीच्या खोलीची हकीकत घ्यावी. १९२७ साली जुळणी करणाऱ्या पाच स्त्रिया व त्यांना सुटे भाग पुरविणारी सहावी, अशा सहा जणींना वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. विश्रांतीच्या सुट्या, मधला फराळ, कामाचे कमी तास असे फेरफार एकामागून एक करण्यात आले, आणि सुमारे अडीच वर्षांत उत्पादन तीस टक्क्यांच्या आसपास वाढले. परंतु आरंभीच आणखी एक फेरफार झाला होता. पूर्वी मोठ्या विभागाच्या एकूण उत्पादनावर ठरणारी मजुरी आता या लहान गटाच्याच उत्पादनावर मिळू लागली. म्हणजे केलेल्या कष्टाचे फळ सरळ पदरात पडू लागले. मजुरीची हीच पद्धत दुसऱ्या एका गटाला, इतर काही न बदलता, लागू केली तेव्हा उत्पादन सुमारे १२ टक्के वाढले, आणि जुनी पद्धत परत येताच ते खाली आले. इतके असूनही वेतनाचा परिणाम स्वतंत्रपणे दाखविता येत नाही, असा निष्कर्ष ग्रंथात काढलेला आहे. ॲलेक्स केरी यांनी १९६७ साली नेमके या विसंगतीवर बोट ठेवले. प्रकाशयोजनेच्या आरंभीच्या प्रयोगांतील मूळ आकड्यांची लेव्हिट व लिस्ट यांनी २०११ साली फेरतपासणी केली, तेव्हा ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हणून गाजलेल्या गोष्टीचा आधार तेथेही क्षीणच आढळला.

दुसरी घटना भाषेच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाची वाटावी अशी आहे. जानेवारी १९२८ मध्ये पाच जणींपैकी दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. सहकार्याचा अभाव हे कारण सांगण्यात आले. तक्रार मुख्यत्वे ही की, त्या कामाच्या वेळी फार बोलतात. ज्या खोलीची कीर्ती मोकळ्या वातावरणाबद्दल झाली, तीतून दोघी बोलण्यापायी बाहेर गेल्या. येथील मोकळेपणाला मर्यादा होती आणि ती मर्यादा कोणी आखली हे उघड आहे.

पुढे १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रारंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. नंतर कामगाराला हवे ते बोलू द्यावे अशी पद्धत स्वीकारली गेली. हा बदल निःसंशय स्वागतार्ह होता. तथापि ऐकलेल्या बोलण्याचे पुढे काय झाले ? ग्रंथकार तक्रारीचा व्यक्त आशय आणि अव्यक्त आशय असा भेद करतात. नगाचे दर कमी आहेत, असे एक कामगार म्हणतो. चौकशीअंती त्याची पत्नी रुग्णालयात असून डॉक्टरांच्या बिलांची त्याला विवंचना आहे, असे कळते. म्हणून तक्रार दराविषयीची नसून घरच्या चिंतेविषयीची ठरते. वास्तविक एका अर्थाने दुसरा रद्द होत नाही. बिल भागत नाही म्हणूनच दर अपुरा वाटतो; चिंता हे त्या विधानाचे कारण असेल, त्याचे खंडन नव्हे. विधानाला केवळ लक्षण मानले की ते खरे की खोटे हा प्रश्नच उरत नाही, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारीही उरत नाही.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी, मुख्यतः एका माणसाकडे अधिक माग व अधिक साचे सोपविण्याच्या योजनेविरुद्ध, सुमारे सहा महिने संप केला. तेथे तक्रार मुलाखतीच्या खोलीत एकेकट्याने सांगितलेली नव्हती. ती सर्वांनी मिळून केलेली मागणी होती. अशा मागणीचे घरगुती विवंचनेत रूपांतर करणे इतके सोपे नसते.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग तारजोडणीच्या खोलीचा होय. १९३१-३२ च्या मंदीत चौदा पुरुषांचे येथे निरीक्षण झाले. दिवसाला किती काम पुरे, हे त्यांनी आपसांत ठरविलेले होते आणि ते व्यवस्थापनाच्या अपेक्षेहून कमी होते. त्याहून अधिक करणारा तो ‘दरफोड्या’, फारच कमी करणारा तो ‘फसव्या’, आणि वरिष्ठांना सांगणारा तो ‘चहाडखोर’, अशा अर्थाची नावे त्यांच्या बोलीत होती. मर्यादा ओलांडणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे. येथे एका लहान समाजाची संस्कृती तिच्या शब्दसंग्रहासह दिसते, आणि ती व्यवस्थापनाने निर्माण केलेली नव्हती. ग्रंथकार मात्र तिला भावनेच्या क्षेत्रात ढकलतात. दर कापला जाईल ही भीती या कामगारांच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेली नव्हती, असे ते म्हणतात. परंतु कामच उरले नाही म्हणून १९३२ साली ही खोली बंद झाली, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे. अशा दिवसांत जपून काम करण्याला अतार्किक म्हणणे कठीण आहे.

मराठीत या शास्त्राची पुस्तके ‘प्रेरणा’ अथवा ‘अभिप्रेरणा’ हा शब्द वापरतात. प्रेरणा आतून होते, तशीच ती बाहेरून दिलीही जाते. एकच शब्द दोहोंना पुरतो, आणि घोटाळा तेथेच होतो. ‘कामगार काम करतो’ आणि ‘अधिकारी कामगाराकडून काम करवितो’ या वाक्यांत भेद केवळ प्रयोजक प्रत्ययाचा नाही; दुसऱ्या वाक्यात कामगाराचे कर्तेपण गेलेले आहे. तारजोडणीच्या खोलीत पहिल्या प्रकारची प्रेरणा भरपूर होती. ग्रंथकारांनी शोध घेतला तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणून पहिलीला अडथळा समजणे त्यांना भाग पडले. १९८० नंतर रूढ झालेल्या ‘संस्थेची संस्कृती’ या संज्ञेच्या वापरातही पुष्कळदा हीच प्रयोजक दृष्टी आढळते : संस्कृती वरून घडवावयाची, आणि तिच्यायोगे उत्पादन वाढवावयाचे.

यावरून ग्रंथाचे मोल कमी होते असे नाही. कामगारांचे बोलणे इतक्या प्रमाणावर टिपून ठेवणारी साधने विरळ, आणि ग्रंथकारांच्या निष्कर्षांविरुद्ध जाणारा पुरावाही त्यांनीच प्रामाणिकपणे छापला आहे. आपल्याकडील कारखान्यांचा व कचेऱ्यांचा असा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने त्यांची टिपून ठेवण्याची चिकाटी अवश्य घ्यावी. मात्र कामगार ‘दर कमी आहे’ असे म्हणाला, तर प्रथम दर तपासावा. त्याच्या मनाचा तपास त्यानंतर करावा.