स्वप्न होतं म्हणे!

लहान मुलांच्या गोष्टींना मोठ्या माणसांपासून फार जपावं लागतं. मूल गोष्ट ऐकतं, "मग?" म्हणतं आणि पुढे सरकतं. तीच गोष्ट मोठ्या माणसाच्या हाती लागली की तो आधी चष्मा पुसतो आणि विचारतो, "पण याचं तात्पर्य काय?" तात्पर्य सापडलं नाही तर पदरचं घालतो. तो मोठा माणूस सिनेमावाला असेल तर तात्पर्याबरोबर आठ-दहा गाणीही घालतो. आणि एवढं करूनही गोष्ट आवाक्याबाहेर चाललीय असं वाटलं, की हुकमाचं पान टाकतो : "हे सगळं स्वप्न होतं!"

अ‍ॅलिसच्या बाबतीत माझी तक्रार नाही. ती लुइस कॅरोलच्या मूळ पुस्तकातच झाडाखाली झोपते आणि शेवटी जागी होते. लेखकानंच झोपवलं तर आपण कोण उठवणार? माझं भांडण आहे ते डोरोथीसाठी. कॅन्ससमधली ही पोरगी पुस्तकात टक्क जागी होती. सिनेमावाल्यांनी तिला झोपवली.

एल. फ्रँक बॉम या अमेरिकन गृहस्थानं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध केलं. गोष्ट तशी सरळ. डोरोथी ही अनाथ मुलगी काका-काकूंकडे राहते. तिथं सगळं करडं. जमीन करडी, घर करडं, काकूचा चेहरासुद्धा करडा. काका कधी हसत नाहीत, काकूचं हसणं पार आटलेलं. हसणारा जीव एकच, तो म्हणजे डोरोथी, आणि तिला हसवणारा तिचा कुत्रा टोटो. एक दिवस चक्रीवादळ येतं आणि घर, पोरगी आणि कुत्रा असा तिन्हींचा ऐवज उचलून ऑझ नावाच्या देशात नेऊन टाकतं. घर पडतं ते नेमकं एका दुष्ट चेटकिणीच्या अंगावर. चेटकीण मरते, तिचे चांदीचे जोडे डोरोथीला मिळतात, आणि ती घरचा रस्ता विचारत पाचूनगरच्या जादूगाराकडे निघते. वाटेत तीन सोबती भेटतात. बुजगावण्याला मेंदू हवा असतो, पत्र्याच्या लाकूडतोड्याला काळीज आणि भित्र्या सिंहाला धैर्य.

बॉमसाहेबांनी प्रस्तावनेत सांगून टाकलंय, की या गोष्टीत दुःखं आणि भीतीदायक प्रकार नाहीत, नुसता आनंद आहे. हे वाचून निर्धास्त झालेल्या पालकानं बारावं प्रकरण उघडावं. लाकूडतोड्या कुऱ्हाडीनं चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो. लगेच बुजगावणं चाळीस कावळ्यांच्या माना पिरगाळतं. मुलं हे मजेत वाचतात आणि रात्री गाढ झोपतात. झोप उडते ती पालकांची.

आता या गोष्टीचं मोठ्या माणसांनी काय काय केलं ते पाहा. १९०२ साली शिकागोत तिचं संगीत नाटक झालं. रंगभूमीवर एवढासा टोटो दिसायचा कसा? म्हणून त्याच्या जागी एक गाय आणली! नाव इमोजीन. वादळात गाय उडालेली चालते, कुत्रा चालत नाही. नाटकवाल्यांच्या अडचणी आपल्याला कळायच्या नाहीत. १९२५ साली लॅरी सेमन नावाच्या विनोदी नटानं मूकपट काढला. त्यात त्यानं डोरोथीला अठरा वर्षांची केली आणि पत्र्याचा माणूस म्हणून ऑलिव्हर हार्डीला उभं केलं. लॉरेलच्या जोडीनं पुढे जगाला हसवणारा तोच हा जाडा हार्डी. त्याच्या मापाचा पत्रा कुठून आणला, देव जाणे.

मग आला १९३९. डिस्नेच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'नं पैशाचा पाऊस पाडला होता. त्यामुळे एम.जी.एम. कंपनीलाही परीकथेचा उमाळा आला. या सिनेमाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही, हे आधीच सांगतो. सोळा वर्षांची ज्युडी गार्लंड इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचं गाणं म्हणते, तेव्हा दगडालाही पाझर फुटेल. कंपनीतल्या शहाण्यांना हेच गाणं रेंगाळतंय असं वाटून ते कापायचा विचार चालला होता. शहाणे सगळीकडे सारखेच! आणि सुरुवातीचं पिंगट कॅन्सस संपून दार उघडताच रंगांचा जो लोट अंगावर येतो, तो पुस्तकातल्या करड्या पानांना केलेला खरा नमस्कार आहे.

त्या रंगांपायीच चांदीच्या जोड्यांची माणकांची पादत्राणं झाली. रंगीत फिल्मचा खर्च केल्यावर जोडे पांढरे ठेवायचे म्हणजे लग्नाला बँड बोलावून मुक्यानं वरात काढण्यासारखंच. सिनेमाला त्या काळी सुमारे अठ्ठावीस लाख डॉलर खर्च आला आणि पहिल्या फेरीत कंपनीला तोटा झाला. त्याच पादत्राणांचा एक जोड २००५ साली संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ साली सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात त्याला बोली लागली दोन कोटी ऐंशी लाख डॉलरची. म्हणजे अख्ख्या सिनेमाच्या दसपट पैसे एका जोड्याला! आपल्याकडे देवळाबाहेरून जोडे गेले तर नवे घेण्यात बापाचा पगार जातो, एवढंच आपल्याला माहीत.

पुस्तकातली एक गंमत मात्र या रंगांनी बुडवली. पुस्तकात पाचूनगरच्या वेशीवर प्रत्येकाला हिरवा चष्मा चढवतात आणि किल्लीनं कुलूप लावतात. नगर हिरवं दिसतं ते चष्म्यामुळे! सिनेमात चष्मा नाही, भिंतीच हिरव्या. पुस्तकातलं नगर लबाड आणि सिनेमातलं इमानदार, असा उलटा न्याय झाला.

जादूगार दोन्हीकडे भोंदूच आहे. पण दोन भोंदूंत फरक पाहा. पुस्तकातला भोंदू बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा आणि टाचण्या भरतो, लाकूडतोड्याच्या छातीत भुसा भरलेलं रेशमी काळीज बसवतो आणि सिंहाला बाटलीतलं 'धैर्य' पाजतो. सिनेमातला भोंदू बुजगावण्याला देतो डिप्लोमा, लाकूडतोड्याला बदामाच्या आकाराचं घड्याळ आणि सिंहाला पदक. डिप्लोमा हातात पडताच बुजगावणं कपाळाला बोट लावून त्रिकोणाचा एक सिद्धान्त धडाधड म्हणून दाखवतं. तो साफ चुकीचा आहे! पायथागोरसनं ऐकला असता तर त्यानंच शेतात जाऊन बुजगावण्याची जागा घेतली असती. आत्मविश्वास डिप्लोमाचा आणि उत्तर कोंड्याचं. आपल्या पदवीदान समारंभांवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. सिनेमाची ही सुधारणा मी मोठ्या मनानं मान्य करतो.

पण त्या चांगल्या परीचं काय करायचं? पुस्तकात चांगल्या चेटकिणी दोन आहेत. उत्तरेकडची पहिल्यांदा भेटते, पण जोड्यांत काय जादू आहे ते बिचारीला ठाऊक नसतं. दक्षिणेकडच्या ग्लिंडाला ठाऊक असतं, पण ती भेटते अगदी शेवटी. सिनेमानं काटकसर करून दोघींची एकच बाई केली. त्यामुळे झालं काय, की हीच बाई सुरुवातीला जोडे घालायला लावते, पोरीला चेटकिणीच्या तोंडी पाठवते आणि शेवटी सांगते, "अगं, घरी जायची शक्ती तुझ्या पायांतच होती!" आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुला पटलं नसतं. कचेरीत सात खिडक्या फिरवून आणल्यावर आठवीवरचा कारकून जेव्हा म्हणतो, "हा कागद तर तुमच्याच फायलीत होता की!", तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू असतं ना, ते थेट ग्लिंडाचं.

इथवर मी हसत होतो. शेवटाला मात्र हसू मावळतं. डोरोथी खाटेवर जागी होते. भोवती काका, काकू, तीन गडी आणि खिडकीत एक फिरता ज्योतिषी, अशी सहा मोठी माणसं. पोरगी जीव तोडून सांगते, की ती खरी जागा होती, मी खरंच तिथं होते. काकू समजूत घालते, की अशी वेडीवाकडी स्वप्नं सगळ्यांनाच पडतात. सगळे प्रेमानं हसतात. कुणी रागावत नाही, हेच वाईट. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

आमच्या नातीनं हा शेवट पाहून एकच प्रश्न विचारला, "आजोबा, म्हणजे कुणालाच तिचं खरं वाटलं नाही?" मी तात्पर्याच्या शोधात असतानाच स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या सौ.नी खरा मुद्दा काढला. "अहो, ते जाऊ द्या. त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?"

मी चमकलो. सिनेमाची सुरुवातच मुळी कुत्र्यापासून होते. मिस गल्च नावाची सधन शेजारीण टोटोला मारून टाकण्यासाठी शेरीफचा हुकूम घेऊन येते. कायद्यापुढे काका-काकूंचं काही चालत नाही आणि कुत्रा तिच्या टोपलीत जातो. तो निसटून येतो, म्हणून पोरगी घर सोडते, म्हणून पुढचं सगळं घडतं. आता चेटकीण मेली ती स्वप्नात. म्हणजे गल्चबाई जागेपणी ठणठणीत, हुकूमही तिच्याकडे! उद्या सकाळी ती पुन्हा दारात उभी राहणार. आणि आमची डोरोथी टोटोला कुशीत घेऊन सांगतेय, की घरासारखं ठिकाण नाही! ज्या घरानं कुत्रा टोपलीत घालून दिला, त्याच घराचा गौरव. समीक्षकांच्या लठ्ठ पुस्तकांपेक्षा आमच्या घरातली समीक्षा नेहमीच मुद्द्याला धरून असते.

पुस्तकातही हे घराचं वाक्य आहे, पण कुठे? सुरुवातीला, बुजगावण्याशी बोलताना. आणि त्यावर ते बुजगावणं जे बोलतं, त्याला तोड नाही. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा : तुम्हा माणसांच्या डोक्यात माझ्यासारखा पेंढा असता तर तुम्ही सगळे सुंदर देशांत राहिला असता आणि कॅन्सस ओस पडलं असतं, कॅन्ससचं नशीब, की तुम्हाला मेंदू आहे! बॉमनं वाक्य लिहिलं आणि त्याच्या शेजारीच चिमटा ठेवला. सिनेमानं चिमटा टाकून दिला आणि वाक्य तेवढं भिंतीवर टांगलं.

आणि पुस्तकाचा शेवट? तो जेमतेम पाऊण पानाचा आहे. उडता उडता जोडे वाळवंटात पडलेले, डोरोथी नुसत्या मोज्यांवर. समोर काकांनी बांधलेलं नवं घर, कारण जुनं खरोखरच उडून गेलेलं! याहून मोठा पुरावा काय हवा? काकू कोबीला पाणी घालायला बाहेर येते, पोरीला पोटाशी धरते आणि विचारते, "कुठून आलीस गं?" पोरगी सांगते, ऑझहून. संपलं पुस्तक. काकू 'स्वप्न' म्हणत नाही, तात्पर्य सांगत नाही, डॉक्टर बोलावत नाही.

डॉक्टर पुढच्या सिनेमात आला. डिस्नेचा 'रिटर्न टू ऑझ' १९८५ सालचा. त्यात डोरोथी ऑझच्या गोष्टी सांगायचं थांबत नाही, म्हणून काकू तिला विजेच्या उपचारांसाठी दवाखान्यात नेते! पोरं घाबरली, पालक चिडले, सिनेमा पडला. पण मला तो १९३९ च्या सिनेमाचा सरळ हिशोब वाटतो. एकदा 'स्वप्न' म्हणून झाल्यावर पोरीनं ऐकलं नाही, तर पुढची पायरी दवाखानाच. या सिनेमाच्या शेवटी आरशात ऑझची राणी दिसते, डोरोथी काकूला हाक मारू लागते, तर राणी ओठांवर बोट ठेवते. गप्प! मोठ्यांना सांगायचं नाही. मुलं हे फार लवकर शिकतात. मग आपण म्हणतो, आमचा बंड्या हल्ली आमच्याशी बोलतच नाही.

बाकीच्या सिनेमांना मी चहाच्या एका कपात आटोपतो. १९७८ च्या 'द विझ'मध्ये डायना रॉसची डोरोथी चोवीस वर्षांची शिक्षिका झाली. मायकल जॅक्सनचं बुजगावणं झकास, आणि चांदीचे जोडे परत आले हे उपकार. २०१३ साली भोंदूलाच नायक केला, आणि २०२४-२५ च्या 'विकेड'च्या दोन भागांत चेटकीणच बिचारी गुणी निघाली. प्रत्येक पिढीनं आपल्याला हवं ते मोठं माणूस निवडून त्याची बाजू मांडली. डोरोथीची बाजू मांडायला मात्र कुणाला सवड नाही.

ती मांडली बॉमनंच, १९१० साली, मालिकेतल्या सहाव्या पुस्तकात. वादळानंतर नवं घर बांधायला काकांनी शेत गहाण टाकलेलं असतं. कर्ज फिटत नाही, घरावर जप्ती यायची वेळ येते. काकांना तोवर वाटत असतं, की आपली पुतणी स्वप्नाळू आहे, ऑझबिझ काही नाही. आता डोरोथी काय करते? ओझ्मा राणीला सांगून काका-काकूंना कायमचं ऑझला नेते. ज्या देशावर विश्वास नव्हता, तिथंच काकांना छप्पर मिळालं, आणि तेही हप्त्याशिवाय! हा शेवट मात्र कुठल्याच मोठ्या सिनेमात आला नाही. यात मुलं मोठ्यांना घरी नेतात ना, ते मोठ्यांच्या पचनी पडायचं नाही.

तेव्हा मंडळी, घरातलं एखादं पोर धापा टाकत येऊन कुठल्या भलत्याच देशाहून आलोय म्हणून सांगू लागलं, तर त्याला झोपेतून उठवायला जाऊ नका. ते जागंच असतं. आधी पोटाशी धरा, मग विचारा, तिथं काय काय पाहिलंस? कोबीला पाणी काय, नंतरही घालता येतं.