काळ्या टी-शर्टचा तालुका

बेंगळुरूच्या आग्नेयेला पसरलेल्या आनेकल तालुक्यात दोन प्रकारची धडधड शेजारी शेजारी नांदते. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथल्या कारखान्यांत पत्रा कापणाऱ्या आणि ठोकणाऱ्या प्रेस दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत चालू असतात. त्याच तालुक्यातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, काचेच्या इमारतींमधल्या गार हवेत, कोणा इंजिनिअरच्या हेडफोनमध्ये आयर्न मेडन नाहीतर मेटालिका चालू असते. हा इंजिनिअर पुण्याचा असेल, कोल्हापूरचा असेल, बेळगावचाही असेल. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, आत काळा टी-शर्ट आणि त्यावर बाभळीच्या काट्यांसारख्या अक्षरांत बँडचे नाव. ते नाव त्याच्या आईला आजतागायत वाचता आलेले नाही आणि आले असते तर टी-शर्ट केव्हाच पायपुसणे झाला असता.

हेवी मेटलच्या जन्माच्या वेळी या दोन धडधडी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने तोडली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली आणला. त्या जड, खर्जातल्या आवाजाचा बँड म्हणजे ब्लॅक सॅबथ. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. तिच्यातल्या पहिल्याच गाण्याचा मुख्य तुकडा तीन सुरांचा आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. पुरिया किंवा मारवा ऐकणाऱ्या कानाला हा मध्यम ओळखीचा आहे. पण पंचमाचा आधार न देता तो तसाच लोंबकळत ठेवला की अंगावर काटा येतो, हे आयोमीला बरोबर कळले होते.

मेटलचे व्याकरण एवढ्यावरच बरेचसे समजते. गिटारवर वाजतो तो 'पॉवर कॉर्ड', म्हणजे फक्त सा आणि प. गंधार वगळलेला, कारण आवाज मुद्दाम फाडला की गंधार चिखलासारखा मिसळतो. गंधार नाही म्हणून कोमल-शुद्धाचा, हसऱ्या-रडव्याचा निवाडाही नाही. उरतो नुसता जोर. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, नखी सतत वरून खालीच मारायची, ड्रमवाल्याने दोन्ही पायांनी ढोल कुटायचा. हे कोणालाही जमण्यासारखे वाटते. मेटालिकाच्या वेगाने चार मिनिटे नखी नुसती वरून खाली मारून पाहिली की मनगट खरे काय ते सांगते.

भारतात मात्र हे संगीत कारखान्यातून आलेच नाही. ते कॉन्व्हेंट शाळांतून, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वसतिगृहांतून आणि कॅसेटवरून कॅसेटवर उतरत आले. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवातली 'लाइव्हवायर' स्पर्धा किंवा बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' हे भारतीय मेटलचे खरे आखाडे. स्वीडनचा ओपेथ पहिल्यांदा भारतात वाजला तो २००९ मध्ये आयआयटी मद्रासच्या 'सारंग' महोत्सवात. म्हणून आनेकल तालुक्यात मेटल सापडते ते सहसा इलेक्ट्रॉनिक सिटीत. जिगणीत पत्रा ठोकणाऱ्या कामगाराला आवाजाची हौस असेल तर ती गणपतीतल्या तमटे या चर्मवाद्यावर नाहीतर डीजेवर भागते. बर्मिंगहॅमच्या कामगाराचे संगीत इथे साहेबाच्या मुलाचे झाले. या कलेचे आजचे गुण आणि दोष दोन्ही इथूनच निघतात.

मेटलच्या शेजारी वाढलेल्या ग्लॅम रॉकची गोष्ट आणखी गमतीची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी चमकी लावून, डोळे रंगवून मंचावर आले तेव्हा इंग्लंड हबकले. मराठी प्रेक्षकाने हबकण्याचे कारण नव्हते. पुरुषाने शालू नेसून, दागिने घालून उभे राहावे आणि घरंदाज बायकांनी त्याच्या नेसण्याची नक्कल करावी, हे बालगंधर्वांच्या काळात अर्धशतकाआधीच घडून गेले होते. आणि ग्लॅमच्या लाटेत पुढे आलेल्या क्वीनचा गायक तर साताऱ्याच्या हवेत वाढलेला. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. तिथे १९५८ मध्ये मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात हा पियानो वाजवायचा; मुख्य गायक दुसराच होता! तरीही पाचगणीचे नाव घेतले की मराठी माणसाला आधी स्ट्रॉबेरी आठवते.

मुंबईत ग्लॅमची नस पकडली ती १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनने. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन यांचा हा बँड. लांब केस, चामडी जाकिटे, आणि मुख्य म्हणजे स्वतःची गाणी. त्या काळी श्रोते डीप पर्पलच्या फर्माइशी ओरडायचे. स्वतःचे गाणे म्हणणे हाच उद्धटपणा समजला जाई. 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही त्यांची तबकडी १९८८ ची. पण वेळ चुकली. १९९१ मध्ये उपग्रहवाहिन्यांनी घराघरात एमटीव्ही आणला आणि त्याच वर्षी निर्व्हानाच्या 'नेव्हरमाइंड'ने ग्लॅमचे केस कापले. भारतीय प्रेक्षकाला लिपस्टिक आणि फाटका स्वेटर एकाच वर्षी दिसले. त्याने स्वेटर निवडला. रॉक मशीनही १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाला.

ग्लॅमची खरी वारसदारी आज सिक्कीमच्या गिरीश अँड द क्रॉनिकल्सकडे आहे. गिरीश प्रधानचा गळा तारसप्तकात जातो तेव्हा १९८७ सालचे लॉस एंजेलिस समोर उभे राहते. 'हेल टु द हीरोज' ही त्यांची तबकडी २०२२ मध्ये इटलीच्या फ्रंटियर्स कंपनीने काढली. गळा लाजवाब, गिटारही तयारीची. चाली मात्र गुरूच्या घरच्या. प्रत्येक गाण्यात कुठला गुरू ते ओळखता येते, आणि ओळखण्याच्या नादात गाणे निघून जाते.

बेंगळुरूच्या क्रिप्टॉसबद्दलही हाच आक्षेप घेता येईल, पण तो टिकत नाही. १९९८ मध्ये नोलन लुईस आणि गणेश कृष्णस्वामी यांनी सुरू केलेला हा बँड पंचवीसहून अधिक वर्षे एकाच देवाची पूजा करतो: १९८० च्या दशकातले युरोपीय हेवी मेटल. दोन गिटार एकमेकींपासून गंधाराच्या अंतरावर एकच चाल धरून पळतात. ही तऱ्हा थिन लिझी आणि आयर्न मेडनची. पण तिच्यावर नोलनचा खरवडलेला आवाज येतो, आणि जिथे उंच, लखलखीत गळ्याची अपेक्षा असते तिथे हा खरखरीतपणा बसला की संगीताचा तोलच बदलतो. 'आफ्टरबर्नर' (२०१९), 'फोर्स ऑफ डेंजर' (२०२१) आणि 'डेसिमेटर' (२०२४) ओळीने ऐकल्या तर लक्षात येते की गाणी दर वेळी आणखी छाटलेली, आणखी नेमकी होत गेली आहेत. नवीन काही करण्याची घाई नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात हा बँड वाजला. वाकेन म्हणजे दोनेक हजार वस्तीचे खेडे, आणि महोत्सवासाठी जगभरचे मेटलवाले तिथल्या चिखलात लोळायला जातात. तिथे उभे राहून त्यांचेच जुने संगीत त्यांनाच ऐकवायचे आणि टाळ्या घ्यायच्या, याला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.

उलट टोकाला मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन. त्यांच्या साहिल मखिजाने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कोकणात रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला नरसिंहाचा अवतार आणि गुरगुरणारा गळा यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. कल्पना मोठी, बांधणी भक्कम. पण शब्द इंग्रजी, आणि तेही गुरगुराटात बुडालेले; अवतार बदलला तरी श्रोत्याला तबकडीचे वेष्टन पाहूनच कळतो. मुंबईच्याच स्क्राइबने वेगळी वाट काढली. 'मार्क ऑफ तेजा', 'हेल मोगँबो' अशी नावे ठेवून त्यांनी हिंदी सिनेमातला टारगटपणा मेटलमध्ये आणला. अतिगंभीर चेहऱ्यांच्या या जगात ही थट्टा फार गरजेची होती.

भाषेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो दोघांनी. दिल्लीच्या ब्लडीवुडने हिंदी-पंजाबीला ढोलाची जोड दिली, २०१९ मध्ये वाकेन गाठले आणि २०२२ च्या 'रक्षक'नंतर जगभर नाव केले. त्यांच्या संगीतात ठोकळेबाजपणा आहे, आणि 'भारतीयपणा' कधीकधी पर्यटन खात्याच्या जाहिरातीइतका ठळक होतो. पण मैदान हलवण्याची ताकद नाकारता येत नाही. दुसरा बँड बेंगळुरूचा द्वेष. 'स्तूप' (२०१४) ही त्यांची तबकडी कन्नड शब्दांची आहे. जुन्या वळणाचे, कुजकट ओलाव्याचे डेथ मेटल आणि त्यात कन्नडची जोडाक्षरे. शब्द कळत नसले तरी व्यंजनांचे घण कानावर बसतात. इंग्रजी जिथे घसरते तिथे ही भाषा रुतते. ब्लडीवुडच्या मानाने द्वेषचे श्रोते मूठभर, पण भाषेचे माप लावले तर अधिक मोलाचे काम त्यांचे.

मराठीत मग काय? मराठी आडनावांचे वादक मुंबई-पुण्याच्या रॉकमध्ये पहिल्यापासून आहेत. पण मराठी शब्दांवर उभा राहून देशभर नाव कमावलेला मेटल बँड दाखवा म्हटले की बोट हवेत राहते. जोडाक्षरे मराठीकडेही आहेत, 'ळ' आणि 'ठ' आहेत, पोवाड्याची आरोळी आहे. आवाजाचे वावडे तर नाहीच. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत संध्याकाळी घाम गाळणारी मुले-मुली ज्या ताकदीने टिपरू हाणतात ती कोणत्याही मेटल ड्रमवाल्याला हेवा वाटावा अशी. अडसर कानाचा नसून सवयीचा दिसतो. मेटल इंग्रजीतच असते, हे वसतिगृहात शिकलेले पहिले सूत्र कोणी तपासून पाहिलेले नाही.

दुसरा अडसर जागेचा. मुंबईचे रंगभवन हे रॉकचे उघडे देऊळ होते. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक तिथेच वाढला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागला, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. कॉलेज आणि रुग्णालयाच्या शेजारचे रंगभवन मेटलसाठी संपले. बेंगळुरूत पोलिसांचा सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांबाबतचा २००५ चा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरल्यावर इंदिरानगर-कोरमंगलातल्या कितीतरी पबांतले गाणे थांबले. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क खराच. पण ज्या शहरात २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटालिका पॅलेस ग्राउंड्सवर वाजला, त्या शहरात दोनशे माणसांची खोली मिळू नये हे विचित्र आहे. मेटालिकाचा गुरगावचा कार्यक्रम गर्दीने कठडे मोडल्यामुळे रद्द झाला होता. दोन दिवसांनी बेंगळुरूच्या गर्दीने तो नीट पार पाडला, एवढी तरी पत या शहराची असायला हवी होती.

या संगीताचा भार आजवर उचलला तो चाहत्यांनी. अमित सैगलने १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढले. साहिल मखिजाने स्वतःची कंपनी काढून इतरांच्या तबकड्या प्रसिद्ध केल्या, आणि वर मेटलवाल्यांसाठी स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवला. २०१२ मध्ये सुरू झालेला बँगलोर ओपन एअर, जिथे पहिल्याच वर्षी जर्मनीचा क्रिएटर आला, तोही सलमान सय्यद या मेटलवेड्याच्या हट्टातून. इथे श्रोता, वादक, प्रकाशक, हमाल बऱ्याचदा एकच असतो. म्हणून निष्ठा अफाट, आणि म्हणूनच टीका जवळपास शून्य: ज्याच्या तबकडीवर कडक लिहायचे त्याच्याच गाडीतून रात्री घरी जायचे असते. याचा तोटा संगीताला होतो. दहा गाण्यांची तबकडी सहा गाण्यांची हवी होती, हे सांगणारा कोणी भेटत नाही.

मोठा पैसा आता आला आहे, पण वरच्या मजल्यावर. बँडलँड महोत्सवात २०२३ ला डीप पर्पल, २०२४ ला अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड बेंगळुरूत वाजून गेले. मधला जिना अजून बांधायचा आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मुलांना निदान शहर जवळ आले: ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मेट्रो सुरू झाली आणि आनेकल तालुक्यातल्या बोम्मसंद्रहून आर. व्ही. रोडपर्यंतचा, सिल्क बोर्डच्या कोंडीत कुजण्याचा प्रवास सुटला. आता गरज आहे ती उलट दिशेच्या गाडीची. जिगणीच्या एखाद्या रिकाम्या शेडमध्ये, जिथे शेजारी प्रेस चालू असल्याने आवाजाची तक्रार कोणी करणार नाही, तिथे शनिवारी चार बँड लावायला कोणी तयार झाला तर शहरातले श्रोते बोम्मसंद्रपर्यंत येतील आणि पाळी संपवून निघालेले दोन-चार कामगारही दारात डोकावतील.