नळीखालचा उजेड

पोशेरा, मोखाडा, जव्हार या डोंगरपट्ट्यात बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाच्या रात्री सोंगे निघतात, तेव्हा मशालीचा उजेड आधी मुखवट्यावर पडतो आणि समोर आला तो देव की दैत्य, हे पाहणाऱ्याला मग उमगते. आधी उजेड, मग ओळख, आणि ओळख पटल्यावरच हात जोडायचे की मागे सरायचे, हा क्रम तिथे कुणाला शिकवावा लागत नाही. छोट्या पिस्तुलाच्या नळीखाली बसवलेल्या दिव्याचे सारे सौंदर्य याच क्रमात आहे, म्हणून आपण तो जरा जवळून, सावकाश न्याहाळू.

ग्लॉक १९ हे १९८८ साली बाजारात आलेले आटोपशीर पिस्तूल. पुढे त्याच्या नळीखालच्या भागात खाचांची पट्टी आली आणि दिव्याला हक्काची जागा मिळाली. अशा पिस्तुलासाठी घडवलेला स्ट्रीमलाइटचा टीएलआर-७ए हा दिवा बॅटरीसकट अवघा ६८ ग्रॅमचा, आणि एका सीआर१२३ए बॅटरीवर ५०० ल्युमेन उजेड देणारा. आपली नजर मात्र उजेडाच्या आकड्यावरून हलवून त्याच्या बटणावर स्थिरावू द्या. चापाभोवतीच्या कड्याच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना ही बटणे आहेत, आणि ती दाबायची ती आधार देणाऱ्या हाताच्या अंगठ्याने. चापाचे बोट या कामात घ्यायचेच नाही. ते बाहेर, पिस्तुलाच्या अंगाशी सरळ टेकलेले. एका हाताला उजेड आणि दुसऱ्या हाताला अग्नी, ही वाटणी किती विचारपूर्वक केलेली! काही दिव्यांचे बटण चापाच्या कड्याखाली, मुठीवर येते आणि मधल्या बोटाने दाबावे लागते. घाबरलेल्या माणसाची बोटे एकेकटी वळत नाहीत, सारी मूठच आवळते. उजेड लावायला गेलेल्या अमेरिकन पोलिसांच्या हातून त्यामुळे गोळी सुटल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून या दिव्याचा सराव आधी रिकाम्या पिस्तुलावर, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवून, बोटांच्या अंगवळणी पडेपर्यंत करायचा.

आता झोताकडे पाहू. त्याच्या मध्यभागी प्रखर तेज असते आणि भोवती मंद, पसरट प्रभामंडळ. नवशिका त्या तेजावर भाळतो. जाणकाराचा जीव मात्र त्या मंद कडेवर जडतो. कारण नळी जमिनीकडे झुकवली, की फरशीवरून उसळलेला उजेड अख्खी खोली उजळतो, समोरच्या माणसाचे हात आणि चेहरा दिसतात, आणि तरीही नळी त्याच्यावर रोखलेली नसते. दिवा पिस्तुलाला जखडलेला आहे. जिकडे उजेड, तिकडे नळी. मध्यभागाच्या तेजाने कुणाचा चेहरा न्याहाळणे म्हणजे त्याच्यावर पिस्तूल रोखणेच. ज्याच्यावर नळी रोखण्याचे कारण नाही, त्याला पाहण्याचा उजेड वेगळा हवा, म्हणून शोधायला हातातली बॅटरी आणि धोका डोळ्यांपुढे स्पष्ट झाल्यावरच नळीखालचा दिवा.

काळजीचे आणखी काही बारकावे असेच मोहक आहेत. दिवा लावलेले पिस्तूल नेहमीच्या होल्स्टरमध्ये बसत नाही. त्या दिव्याच्याच मापाचे होल्स्टर लागते, आणि त्याचे तोंड रुंद असल्याने सदऱ्याचा काठ किंवा दोरी चापापाशी शिरत नाही ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे लागते. काही दिव्यांची बॅटरी पुढच्या तोंडाने बदलावी लागते. तिथे हात नेण्याआधी पिस्तूल रिकामे करायचे, दिवा उतरवायचा आणि मगच झाकण फिरवायचे. काचेवर धुराची काजळी धरते, तीही अशीच पिस्तूल रिकामे केल्यावर पुसायची.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे पथक उभारले. ओलीस आणि हल्लेखोर एकाच छताखाली असतात, तेव्हा अशा पथकाला गोळीइतकीच ओळखीचीही निकड भासते. पण शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना घेऊन घरात पिस्तूल ठेवणाऱ्यालाही हाच धर्म लागू आहे. पोशेऱ्याच्या भातखाचरात रात्री काही सळसळले, तर ते रानडुक्कर असेल, वाट चुकलेले वासरू असेल किंवा शेजारच्या घरचे पोर असेल. तिथला राखणदार आधी बॅटरी मारतो आणि हाक देतो. शहरातल्या अंधाऱ्या घरात पाणी प्यायला उठलेले आपलेच माणूसही असू शकते.

म्हणून परवानाधारकांना कळकळीची विनंती: नळीखाली दिवा बसवण्याआधी उशाशी हातातली साधी बॅटरी ठेवा, आणि आवाज आला की आधी तीच उचला.